घरातला उजेड आणि घरखर्च: खोलीनुसार एलईडी दिव्यांची निवड

बचत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर पासबुक येते. पण दर महिन्याला जे पैसे खर्चच झाले नाहीत, तीही बचतच आहे. या पाठात आपण घरातल्या दिव्यांकडे त्या नजरेने पाहणार आहोत. कोणत्या खोलीत किती उजेड हवा, त्यासाठी कोणता एलईडी दिवा घ्यावा, आणि तो घ्यायला घातलेला पैसा किती दिवसांत परत येतो, हे तीन प्रश्न आपण सोडवू. उदाहरणे जबलपूरची घेतली आहेत, कारण इथल्या वीजबिलात एक अशी रेषा आहे की थोडे युनिट इकडचे तिकडे झाले तर बिल शेकडो रुपयांनी बदलते.

पाठ वाचताना तुमचे मागच्या महिन्याचे वीजबिल आणि एक पेन्सिल जवळ ठेवा.

१. युनिट म्हणजे काय, ते आधी मोजू

बिलावरचे एक युनिट म्हणजे १००० वॅटचे उपकरण १ तास चालवल्यावर लागणारी वीज. दिव्याचा हिशेब असा करायचा:

वॅट × रोजचे तास × ३० दिवस ÷ १००० = महिन्याचे युनिट

जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब रोज ५ तास लावला तर ६० × ५ × ३० ÷ १००० = ९ युनिट. त्याच जागी ९ वॅटचा एलईडी बल्ब लावला तर ९ × ५ × ३० ÷ १००० = १.३५ युनिट. उजेड जवळपास तेवढाच, आणि महिन्याला साडेसात युनिटांहून अधिक बचत. जुन्या बल्बमध्ये तार तापून लाल-पिवळी होते, तेव्हा उजेड पडतो. त्यामुळे विजेचा बहुतेक भाग उष्णतेत जातो. एलईडीमध्ये तार तापवावी लागत नाही. विजेतून थेट प्रकाश निघतो, म्हणून कमी वॅटमध्ये काम होते.

या सूत्रात वॅट आहेत तसेच तासही आहेत. आपण बहुधा वॅटच पाहतो आणि तास विसरतो.

२. एका नमुन्याच्या घराचा हिशेब

दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि पुढे व्हरांडा असलेले एक घर घेऊ. गढा, रांझी किंवा राइट टाउनमधल्या कितीतरी जुन्या घरांत अजूनही असे दिवे दिसतात. जुन्या ट्यूबलाइटचे ४० वॅट आणि चोकचे सुमारे १० असे मिळून ५० वॅट धरले आहेत.

बैठकीची खोली: ट्यूबलाइट, रोज ५ तास. जुना वापर ७.५ युनिट, २० वॅटच्या एलईडी ट्यूबवर ३ युनिट. बचत ४.५.
स्वयंपाकघर: ट्यूबलाइट, ५ तास. ७.५ ऐवजी ३ युनिट. बचत ४.५.
निजायची खोली: ६० वॅटचा बल्ब, ३ तास. ५.४ ऐवजी ९ वॅटवर ०.८ युनिट. बचत ४.६.
व्हरांडा: ६० वॅटचा बल्ब, ५ तास. ९ ऐवजी ७ वॅटवर १ युनिट. बचत ८.
देवघर: झीरो बल्ब, २४ तास. १०.८ ऐवजी अर्ध्या वॅटच्या एलईडीवर ०.४ युनिट. बचत १०.४.
रात्रीचा दिवा: झीरो बल्ब, ८ तास. ३.६ ऐवजी ०.१ युनिट. बचत ३.५.
न्हाणीघर: ४० वॅटचा बल्ब, १ तास. १.२ ऐवजी ५ वॅटवर ०.२ युनिट. बचत १.
कोठीची खोली: ६० वॅटचा बल्ब, रोज १० मिनिटे. बचत पाव युनिट.

एकूण बचत महिन्याला सुमारे ३६ ते ३७ युनिट.

आता ही यादी पुन्हा वाचा. सर्वांत जास्त वीज कोण खात होते? बैठकीतली मोठी ट्यूब नव्हे, देवघरातला मिणमिणता लाल दिवा! ‘झीरो बल्ब’ या नावाने आपली फसगत होते. जुना झीरो बल्ब शून्य वॅटचा नसतो. तो साधारण १५ वॅट घेतो. देवापुढे तो रात्रंदिवस जळत राहतो, म्हणून महिन्याला जवळपास ११ युनिट होतात. तेच काम अर्ध्या वॅटचा छोटा एलईडी करतो. देवापुढचा उजेड तसाच राहतो, फक्त मीटर हळू फिरते.

उलट कोठीच्या खोलीतला ६० वॅटचा बल्ब आकड्याने मोठा असला तरी रोज १० मिनिटेच लागतो. तो आज बदलला तर १०० रुपयांचा बल्ब वसूल व्हायला वर्षे लागतील. तो आपोआप जाईल तेव्हाच बदला.

म्हणून पहिला नियम: जो दिवा जास्त तास लागतो, तो आधी बदला.

३. जबलपूरच्या बिलातली १५० ची रेषा

जबलपूर हे मध्य प्रदेश पूर्व क्षेत्र विद्युत वितरण कंपनीचे मुख्यालय. रामपूरच्या शक्ती भवनातून या भागाचा वीजकारभार चालतो. राज्य शासनाच्या गृह ज्योति योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटपर्यंत असलेल्या घरगुती ग्राहकाला पहिल्या १०० युनिटांसाठी जास्तीत जास्त १०० रुपये द्यावे लागतात. उरलेले शासन भरते. १०० च्या पुढच्या युनिटांना नेहमीचा दर लागतो. वापर १५० च्या वर गेला की त्या महिन्याची ही सवलत मिळत नाही, मग पहिल्या १०० युनिटांचेही पूर्ण पैसे पडतात.

याचा अर्थ आकड्यांत पाहू. हिशेब सोपा व्हावा म्हणून दर सरसकट ७ रुपये युनिट धरू, आणि स्थिर आकार व इतर आकार बाजूला ठेवू. तुमचा खरा दर बिलावर छापलेला असतो, तो घालून हाच हिशेब पुन्हा करा.

समजा आपल्या नमुन्याच्या घराचा वापर महिन्याला १६८ युनिट आहे. बिल: १६८ × ७ = ११७६ रुपये.

आता फक्त तीन दिवे बदलले: देवघर, रात्रीचा दिवा आणि व्हरांडा. बचत सुमारे २२ युनिट. वापर आला १४६ वर. बिल: पहिल्या १०० युनिटांचे १०० रुपये, पुढच्या ४६ युनिटांचे ३२२, एकूण ४२२ रुपये.

फरक ७५४ रुपयांचा. त्यातले १५४ रुपये युनिट कमी झाल्याचे, आणि ६०० रुपये रेषा न ओलांडल्याचे. आणि दिव्यांना खर्च किती आला? ४० रुपयांचे दोन छोटे एलईडी आणि १०० रुपयांचा एक बल्ब धरला तर १८० रुपये.

इथे थोडे सबुरीने घ्या. ज्यांचा वापर १५० ते १८५ युनिटांच्या दरम्यान आहे आणि घरात अजून जुने दिवे आहेत, त्यांनाच हा मोठा फायदा मिळेल. तुमचा वापर आधीच १२० असेल तर फक्त वाचलेल्या युनिटांचे पैसे वाचतील. वापर २५० असेल तर नुसते दिवे बदलून रेषेच्या आत येता येणार नाही. तिथे पंखे, फ्रीज, कूलर, पाण्याची मोटर यांकडे पाहावे लागेल. मे महिन्यात जबलपूरचा पारा चाळीसच्या पुढे जातो, कूलर दिवसरात्र चालतो, तेव्हा काही घरे रेषा ओलांडणारच. पण वर्षातले सात-आठ महिने आत राहिलो, तरी ते पैसे आपलेच. योजनेचे नियम शासन बदलू शकते, म्हणून बिलावर सवलतीची नोंद आहे का, हे दर महिन्याला पाहण्याची सवय लावा.

४. खरेदी करताना वॅट नव्हे, ल्युमेन विचारा

वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो. ल्युमेन म्हणजे तो किती उजेड देतो. दुकानात आपण ‘९ वॅटचा द्या’ म्हणतो, पण ९ वॅटचे दोन बल्ब सारखा उजेड देतीलच असे नाही. एक ९०० ल्युमेन देईल, दुसरा ७००. खोक्यावर ल्युमेनचा आकडा छापलेला असतो. ल्युमेनला वॅटने भागा. १०० च्या आसपास किंवा वर उत्तर आले तर दिवा चांगला. आकडाच छापलेला नसेल, तर तो दिवा परत ठेवा.

खोलीला किती ल्युमेन लागतील, याचा साधा अंदाज असा. खोलीची लांबी-रुंदी फुटांत मोजून गुणाकार करा आणि त्या चौरस फुटांना पुढील आकड्याने गुणा: बैठकीसाठी १५ ते २०, स्वयंपाकघरासाठी २५, निजायच्या खोलीसाठी आणि न्हाणीघरासाठी १०. दहा बाय बाराची बैठक म्हणजे १२० चौरस फूट. तिला १८०० ते २४०० ल्युमेन हवेत. २० वॅटची एक चांगली एलईडी ट्यूब ते काम करते. भिंती गडद रंगाच्या असतील, किंवा जुन्या घरासारखे छत फार उंच असेल, तर थोडा जास्त उजेड धरा किंवा दिवा खाली, भिंतीवर घ्या.

दुसरा आकडा रंगाचा. तो केल्विनमध्ये असतो. २७०० ते ३००० म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर उजेड. ४००० म्हणजे मधला, ना पिवळा ना निळसर. ६५०० म्हणजे पांढराशुभ्र, किंचित निळसर. तिन्हींना वीज जवळपास सारखीच लागते. पांढरा उजेड जास्त वाटतो, म्हणून सगळीकडे तोच घ्यायची गरज नाही.

तिसरा आकडा रंग ओळखण्याचा, खोक्यावर ‘सीआरआय’ म्हणून दिलेला. तो ८० किंवा त्याहून जास्त असावा. कमी असेल तर टोमॅटो पिकला की नाही, साडीचा रंग जांभळा की निळा, हे रात्री नीट कळत नाही.

५. खोलीनुसार निवड

बैठकीची खोली: २० ते २२ वॅटची एक एलईडी ट्यूब, रंग ४००० किंवा ६५००. दूरदर्शन पाहताना लावायला ५ वॅटचा पिवळसर बल्ब वेगळ्या बटणावर ठेवला, तर मोठी ट्यूब रोज दोन तास बंद राहते.

स्वयंपाकघर: इथे उजेडाची कंजुषी करू नका, सुरी आणि विस्तव दोन्ही इथेच असतात. छताच्या मध्ये लावलेल्या ट्यूबकडे पाठ करून आपण ओट्याशी उभे राहतो, आणि आपलीच सावली पोळपाटावर पडते. म्हणून ट्यूब ओट्याच्या वरच्या भिंतीवर घ्या. ते जमत नसेल तर कपाटाखाली ५ वॅटची छोटी पट्टी लावा. रंग ४०००, सीआरआय ८० च्या वर.

अभ्यासाची जागा: सगळी खोली लख्ख करण्यापेक्षा टेबलावर ७ ते ९ वॅटचा दिवा द्या. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाला तो डावीकडून यावा, म्हणजे हाताची सावली वहीवर पडत नाही. रंग ४०००. दिवा लुकलुकतो का, हे पाहण्याची युक्ती: मोबाइलचा कॅमेरा दिव्याकडे धरा. पडद्यावर काळे पट्टे जोरात सरकताना दिसले, तर तो दिवा अभ्यासाला नको.

निजायची खोली: ९ ते १२ वॅट, पिवळसर, ३००० च्या आसपास. रात्री उशिरा निळसर पांढरा उजेड झोपेला मारक ठरतो. रात्रीच्या दिव्यासाठी अर्ध्या वॅटचा एलईडी पुरे.

न्हाणीघर आणि जिना: ५ ते ७ वॅट. घरात वयस्क माणसे असतील तर जिन्यावर आणि न्हाणीघराच्या वाटेवर उजेड कमी करू नका. वाढत्या वयात डोळ्यांना जास्त उजेड लागतो, आणि एका पडण्याचा दवाखान्याचा खर्च दहा वर्षांच्या वीजबचतीहून मोठा असतो.

व्हरांडा आणि दारावरचा दिवा: ७ वॅट पुरे. पावसाचे शिंतोडे लागत असतील तर खोक्यावर ‘आयपी ६५’ लिहिलेला बंद दिवा घ्या. साधा बल्ब उघड्यावर लावला तर पहिल्याच पावसाळ्यात जातो.

देवघर: अर्धा ते एक वॅट, पिवळसर किंवा लाल. दिवाळीतल्या आकाशकंदिलातही एलईडीच लावा. कागदाजवळ तापलेला जुना बल्ब नको, आणि तो रात्रभर जळतो हेही आठवा.

६. दिवा टिकावा म्हणून

खोक्यावर २५,००० तास लिहिलेले असते. रोज ५ तास धरले तर तेरा वर्षांहून जास्त होतात. तरी काही दिवे वर्षात जातात. याची कारणे बहुधा दोन. पहिले उष्णता: एलईडीच्या बुडाशी वीज जुळवून देणारा छोटा भाग असतो आणि तो गरमीने खराब होतो. म्हणून साधा बल्ब चारही बाजूंनी बंद काचेच्या गोळ्यात घालू नका. दुसरे विजेचा चढउतार: ज्या वस्तीत दाब वरखाली होतो, तिथे ‘सर्ज’ संरक्षण लिहिलेला आणि १०० ते ३०० व्होल्टवर चालणारा दिवा घ्या.

जुन्या ट्यूबच्या पट्टीत एलईडी ट्यूब बसवणार असाल तर वीजतंत्रीकडून चोक काढून घ्या. चोक राहिला तर त्याची वीज जातच राहते. जुन्या ट्यूब आणि सीएफएलमध्ये पारा असतो; त्या फोडू नका, कागदात गुंडाळून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. चांगली चालणारी सीएफएल मात्र घाईने काढू नका. ती एलईडीपेक्षा थोडीच जास्त वीज घेते.

खोक्यावर तीन खुणा पाहा: भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक, ऊर्जा दक्षता ब्यूरोचे तारे, आणि हमीची मुदत. पक्के बिल घ्या आणि बल्बच्या बुडाशी पेनाने खरेदीची तारीख लिहा. बिल नसेल तर हमीचा उपयोग नाही.

फार स्वस्त म्हणून बिनखुणेचा दिवा घेण्याची आता गरजही उरलेली नाही. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारची ‘उजाला’ योजना सुरू झाली. सरकारी कंपनीने लाखोंच्या संख्येने एकत्र खरेदी केली, आणि २०१४ मध्ये ३१० रुपयांना घेतला जाणारा बल्ब काही वर्षांतच ३८ रुपयांच्या घाऊक भावावर आला. त्यामुळे बाजारातही चांगले दिवे आवाक्यात आले.

७. पैसे कुठून आणायचे, आणि वाचलेले कुठे ठेवायचे

सगळे दिवे एकदम बदलायला पैसे नसतील तर उधार किंवा हप्ता नको. टप्प्याने जा.

पहिला महिना: देवघर, रात्रीचा दिवा, व्हरांडा. खर्च सुमारे १८० रुपये. बचत महिन्याला २२ युनिट, म्हणजे ७ रुपये दराने १५४ रुपये. पाच-सहा आठवड्यांत पैसे वसूल.
तिसरा महिना: वाचलेल्या पैशांतून एक एलईडी ट्यूब, साधारण २५० रुपये.
पाचवा महिना: दुसरी ट्यूब. मग निजायच्या खोलीतला बल्ब.

सगळे बदलून झाल्यावर ३६ युनिटांचे, म्हणजे सुमारे २५० रुपये दर महिन्याला उरतील. ते उचलून बाजूला ठेवले नाहीत, तर बाजारात विरघळून जातील. पोस्टाची आवर्ती ठेव महिना १०० रुपयांपासून, १० च्या पटीत, ५ वर्षांसाठी उघडता येते. महिना २५० रुपये टाकले तर ५ वर्षांत मुद्दल १५,००० रुपये, व्याज वेगळे. बँकेतही अशी ठेव असते. बिल भरण्याच्या दिवशीच हप्ता टाका.

स्वाध्याय

१. घरातल्या प्रत्येक दिव्याचे वॅट आणि रोजचे तास लिहा. महिन्याचे युनिट काढा.
२. सर्वांत जास्त युनिट खाणाऱ्या तीन दिव्यांवर खूण करा. त्यांत जास्त तास लागणारे किती आहेत?
३. मागच्या बारा बिलांतले युनिट एका कागदावर उतरवा. किती महिने १५० च्या आत होते? जे महिने १५० ते १८५ च्या मध्ये आहेत, त्यांना गोल करा. त्या महिन्यांत वाचलेले युनिट तुम्हाला सर्वांत जास्त पैसे देतील.
४. दिव्याची किंमत भागिले महिन्याची बचत, म्हणजे वसुलीचे महिने. ज्या दिव्याचे उत्तर १२ पेक्षा जास्त येईल, तो जाईपर्यंत राहू द्या.